काचेमागचा पडदा

मोठ्या रस्त्यावरच्या त्या तयार कपड्यांच्या दुकानाला आतून निळा पडदा लागला, की येणारे-जाणारे समजून जात: आत बायकांचे कपडे बदलणे चालले आहे.

बायका म्हणजे हाडामांसाच्या नव्हेत. शोकेसमध्ये उभ्या असलेल्या तीन पुतळ्या. थोरली, मधली आणि धाकटी. नावे अर्थातच शोकेस सजवणाऱ्या मावशींनी ठेवलेली. थोरलीच्या नाकाचा शेंडा कधीकाळी उडाला होता, म्हणून मावशी तिला जरा तिरकी उभी करत, आणि त्यामुळे ती आपोआप घरंदाज दिसे. मधली सोशिक. तिच्या अंगावर काहीही घाला, तिला शोभे. धाकटीचा एक हात कायम कमरेवर. "ही जन्मालाच भांडून आलीय," मावशी म्हणत. "हिला लाल रंग देऊ नका, मग ऐकत नाही कुणाचं."

मावशी या दुकानात आल्या तेव्हा मावशी नव्हत्या, कोवळी पोर होत्या. स्कर्टची खालची दुमड घालणे आणि बटणे पक्की करणे, एवढेच काम. एक दिवस शोकेस सजवणारी बाई लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि थोरले मालक म्हणाले, "पोरी, तुझा हात हलका आहे. तू कर."

पोरीने शोकेसमध्ये पाऊल टाकले, रस्त्याकडे पाठ केली आणि थोरलीच्या अंगावरचा कोट काढला, मग ब्लाऊज काढला. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. वळून बघते तर काचेबाहेर पाच-सहा बाप्ये उभे. एक बोट दाखवतोय, एक शीळ घालतोय. पोरीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. काही सुचेना, तेव्हा तिने थोरलीला घट्ट मिठी मारली आणि ते टोळके हलेपर्यंत तशीच उभी राहिली. लाज नक्की कुणाची झाकली, पुतळीची की स्वतःची, ते तिचे तिलाच माहीत. मग कापड बेतायच्या टेबलावरचा निळा तागा ओढून आणला आणि काचेला लावला.

थोरले मालक बघायला आले. "अगं, ती प्लास्टरची आहे."

"ती असेल. मी नाही."

मालक कमी बोलणारे. ते निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी पितळेच्या कड्या आणि एक लांब दांडी घेऊन आले. देव कुणाच्या हातून काय देईल सांगता येत नाही. अब्रू राखायला त्याने पितळेच्या कड्या पाठवल्या.

तेव्हापासून ती रीतच पडली. मावशी शोकेसमध्ये शिरण्याआधी चपला बाहेर काढत. दुसऱ्याच्या खोलीत पायताण घालून जायचे नाही, हे त्यांचे म्हणणे. मग पडदा ओढायचा, क्षणभर हात जोडायचे, तोंडात टाचण्या धरायच्या आणि कामाला लागायचे. आधी पुतळीचा हात फिरवून खांद्यातून सोडवायचा, बाही चढवायची, मग हात परत बसवायचा. तोंडात टाचण्या असल्यामुळे बोलता येत नसे, म्हणून त्या गुणगुणत. पडद्याबाहेर उभ्या असलेल्यांना नुसते गुणगुणणे ऐकू येई. पडदा सरकवला की मावशी तडक रस्ता ओलांडून समोरच्या दिव्याच्या खांबाजवळ जाऊन उभ्या राहत आणि एक डोळा बारीक करून आपले काम बघत. मग परत येऊन कुणाची तरी कॉलर बोटभर सरकवत. फिरून खांबाजवळ.

खांबाशेजारी फुलवाल्याची टपरी होती. तो आधीच पैज लावायचा. "आज थोरलीला हिरवा. लागली?"

"लागली. राखाडी."

"राखाडी? अहो मावशी, पुतळीला सुतक घातलं की काय!"

"तू फुलं विक. कपड्यांतलं तुला काय कळतंय?"

तो रस्ताच तसा होता. दोन्ही बाजूंना झाडे, झाडांखाली बाक, आणि एकापेक्षा एक दुकाने: घड्याळांचे, बुटांचे, पेनांचे, टोप्यांचे. किमती अशा की विचारणाराच आधी घाम पुसेल. पण त्या रस्त्यावर विकत घेणाऱ्यांपेक्षा नुसते बघणारेच जास्त असत, आणि त्याची कुणाला लाज नव्हती. शाळेतल्या मास्तरीण बाई, बँकेतला कारकून, इस्पितळातल्या नर्सा, सगळे कामावरून जाताना काचेशी थबकत. बघायला पैसे पडत नाहीत. मावशींना वाटे, विकत घेणारा दुकानाचा, पण बघणारा माझा.

हे सगळे बघता बघता पातळ होत गेले. शहराच्या कडेला, रेल्वेच्या जुन्या यार्डाच्या जागेवर, मोठा मॉल उभा राहिला. मोठ्या गिऱ्हाइकांच्या मोठ्या गाड्या. त्या मोठ्या रस्त्यावर लावायला जागा नाही, आणि मॉलच्या पोटात मजल्यांवर मजले नुसते गाड्यांसाठी. आधी घड्याळवाला गेला. मग टोप्यांचे दुकान गेले. थोरले मालक देवाघरी गेल्यावर दुकान त्यांच्या मुलीकडे आले होते. तिला सगळे ताई म्हणत. ताईने दोन वर्षे दम धरला आणि एक दिवस मावशींना चहा पाजून सांगितले, "मावशी, आपणही जातोय."

मावशींनी चहा संपवला. कप बशीवर पालथा घातला. मग म्हणाल्या, "काच असेल ना तिकडे?"

"काचच काच आहे मावशी. तिन्ही बाजूंनी."

शेवटच्या दिवशी मावशींनी पडदा ओढला तो परत सरकवलाच नाही. आतल्या आत थोरलीला, मधलीला, धाकटीला चादरीत गुंडाळले. फुलवाला समोर उभा होता. त्या दिवशी त्याने पैज लावली नाही. मूठभर शेवंती आणून दिली आणि म्हणाला, "ही तुम्हाला नाही हं, आतल्यांना."

नव्या दुकानात मात्र जुन्या पुतळ्यांना जागा नव्हती. मधली आणि धाकटी एका नाटक मंडळीने नेल्या. थोरलीला, नाकामुळे, कुणी नेईना. ताई म्हणाली, "मावशी, तुम्हीच न्या." तेव्हा थोरली मावशींच्या यजमानांच्या केस कापायच्या दुकानात येऊन उभी राहिली.

काकांचे, म्हणजे यजमानांचे, दुकान घराखालीच, तीन खुर्च्यांचे. काकांनी थोरलीच्या अंगावर एक पांढरा टॉवेल टाकला आणि तिला दाराशी उभे केले. नवे गिऱ्हाईक आले की दचके. काका म्हणत, "बसा, बसा. वहिनींचा नंबर आधी आहे, पण त्यांना घाई नाही."

त्या रात्री जेवताना घरात मॉलचाच विषय. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी. म्हणून घरात मावशी, काका, सून आणि तिचे तान्हे बाळ. सून तशी गुणी, पण जिभेला हाड नाही.

"मॉलमध्ये वाईट काय आहे हो, आई?" ती म्हणाली. "लिफ्ट आहे. ऊन नाही, पाऊस नाही. बाबागाडी सरळ आत जाते. तुमच्या त्या रस्त्यावर पायऱ्यांशिवाय एक दुकान नाही. मी आपली दारातूनच 'छान आहे हं' म्हणायची आणि पुढे जायची."

"दारातून कशाला? मी आत बोलवत नव्हते का तुला?"

"बोलवत होतात. पण त्या दिवशी बाळानं घाण केली तेव्हा त्याला कुठे बदललं मी, आठवतंय? तुमची ट्रायल रूम वरच्या माळ्यावर, तो गोल लाकडी जिना चढून. शेवटी झाडाखालच्या बाकावर निजवला. हा भोकाड पसरतोय, लोक बघत जाताहेत." सुनेने बाळाच्या तोंडाला लागलेले पुसले. "तुमच्या पुतळ्यांना पडदा मिळतो आई. तुमच्या नातवाला नाही मिळाला."

काकांनी घास हातातच धरला. "लागला! बरोबर लागला."

"तुम्ही गप्प बसा हो," मावशी म्हणाल्या. पण सुनेला भाजी वाढली आणि स्वतःच्या ताटाकडे बघत राहिल्या. खरे बोलणे कडू लागते, तरी ते औषधासारखे गिळावेच लागते.

मॉलमधले दुकान लखलखीत होते. जमीन अशी की चेहरा दिसावा. शोकेस तिन्ही बाजूंनी उघडी. आणि त्यात नव्या तीन पुतळ्या, पांढऱ्या शुभ्र, गुळगुळीत, आणि मानेच्या वर काहीच नाही.

"ताई, यांची डोकी यायची आहेत का मागून?"

"नाही मावशी. अशाच असतात आता. डोकं नसलं की प्रत्येकीला तिथे स्वतःचंच डोकं दिसतं म्हणे."

मावशींनी त्या पुतळ्यांना खालून वर न्याहाळले. नाव काही सुचले नाही. ठेवायचेही नाही असे त्यांनी ठरवले. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला निळा पडदा काढला, कड्यांसकट, आणि दांडी कुठे लावायची म्हणून वर बघू लागल्या.

तेवढ्यात मॉलचा मॅनेजर आला. तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलायला अगदी लोण्यासारखा. "मावशी, हे नाही लावता यायचं. दुकान उघडं असताना काच झाकायची नाही, असा नियम आहे आपला."

"का बरं?"

"काच झाकली की दुकान बंद पडलं असं लोकांना वाटतं. आणि एक बंद दिसलं की ओळीतल्या सगळ्यांचं गिऱ्हाईक तुटतं."

त्याचेही खोटे नव्हते. "मग आम्ही कपडे बदलायचे कधी?"

"रात्री. मॉल बंद झाल्यावर. सगळे तसंच करतात."

सकाळी मॉलचे दार कामगारांसाठी उघडे ते झाडलोट होईल इतकेच आधी. तेवढ्यात मावशींची एक बाही चढली नसती. आणि रात्री? रात्रीची बस नाही, गुडघे कुरकुरतात, घरी तान्हे मूल. "रात्रीचं मला घर असतं, साहेब," त्या म्हणाल्या.

मॅनेजर गेल्यावर ताई समजावायला आली. "मावशी, पडद्याचा हट्ट सोडा की. यांना डोकंच नाही. लाजणार कोण?"

"बघणाऱ्याला आहे ना डोकं?"

ताईला हसू आले, पण तिने ते आवरले. "हे बघा, रात्री काम करणारी मंडळी आहेत. अर्ध्या मॉलच्या काचा तीच लावतात. त्यांना हे काम द्यायला मला एक फोन पुरे आहे. पण मला ते करायचं नाही. महिनाअखेरीला हिवाळी कपडे लागतील. ते तुम्ही लावून दाखवा, पडद्याशिवाय. नाहीच जमलं तर तुम्हाला घरी नाही बसवणार. गल्ल्यावर बसा आरामात."

"गल्ल्यावर बसून काय करू? मला काचेत उभं राहायची सवय."

झाले. एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला जन्मभराचे काम. इकडे आड तिकडे विहीर. घरी काकांनी ऐकून घेतले आणि वस्तरा पुसत म्हणाले, "मी माणसाचं डोकं धरून काम करतो. तुला बिनडोक गिऱ्हाईकं मिळाली, तरी तक्रार? माझ्यापुढचं गिऱ्हाईक तरी बोलतं, 'काका, कानाजवळ जरा जपून.'"

"थट्टा नको हो. माझा जीव टांगणीला लागलाय."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. "अगं, मग करून तर बघ. नाही झालं तर नाही. तुझ्या आधी थोरली आलीच आहे इथे, तिच्या शेजारी तुलाही उभी करू."

महिनाअखेर आली. मावशी चपला काढून शोकेसमध्ये शिरल्या, हात जोडले, टाचण्या तोंडात धरल्या. तिन्ही बाजूंनी माणसांचा लोंढा. मोठ्या रस्त्यावर माणूस कामाला जाता जाता थबकत असे. इथे तो मुळात बघायलाच आलेला. मावशींनी कडेच्या पुतळीचा हात फिरवून सोडवला. बाहेर एक चिमुरडी किंचाळली, "आई, बाईनं बाईचा हात तोडला!" आणि तिने मोठ्याने गळा काढला. मावशींच्या तोंडातून टाचण्या निसटल्या आणि त्या लखलखीत जमिनीवर विखुरल्या. त्यांनी तो हात घाईघाईने परत बसवला, आणि कान लाल करून उभ्या राहिल्या. अगदी पहिल्या दिवशीसारख्या.

पण मावशी हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांना आठवले, समुद्रावर न्हायला गेलेल्या बायका कशा कपडे बदलतात. कोरडे वरून घालायचे आणि ओले खालून ओढून घ्यायचे. जगाला दिसत काही नाही आणि काम होते. त्यांनी कडेच्या दोघींच्या अंगावर आधी नवे लांब झगे चढवले, मग आतले स्कर्ट खाली ओढून काढले. जमले! अंगात हुरूप आला. मधे उभी होती तिला घेतले. हिच्या अंगावर आधीचा झालरींचा जाड झगा. वरून हिवाळी कोट चढवला, पण खालचा झगा कमरेच्या खाली उतरेना. मावशींनी तो वर ढकलला, पोटाशी गोळा केला, कोटाची बटणे लावली आणि म्हणाल्या, गर्दी ओसरली की काढते. तेवढ्यात आतून हाक आली, कुणाच्या तरी पँटची उंची कमी करायची होती. मावशी गेल्या. आणि झगा राहिला तो राहिलाच.

दुपारनंतर दुकानात एक बाई आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. आल्याबरोबर खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "देवाने बरं केलं, तुमचं दुकान दिसलं. काचेतला तो मधला कोट दाखवा मला. पोटावर इतका छान बसणारा कोट मी अख्ख्या मॉलमध्ये पाहिला नाही."

ताईला काही उमगेना. "कुठला हो?"

"तो काय. तुमच्या पुतळीलाही माझ्याइतकेच दिवस गेलेत की!"

ताई बाहेर जाऊन काचेसमोर उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण दुःखाने नव्हे. तिने तोंडावर हात दाबला. मावशी धावत बाहेर गेल्या, बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई गं! झगा आतच राहिला!"

मग हसण्याला ऊतच आला. ती बाई तर पोट धरून हसत म्हणाली, "हसवू नका हो, इथेच व्हायची मी बाळंत!" मावशींनी तिला रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही. मोठ्या मापाचा कोट काढला, बाजूच्या शिवणी उसवून सैल केल्या, बटणे सरकवली. जाताना ती म्हणाली, "तुमची पुतळी बाळंत झाली की कळवा. घुटी पाठवीन."

ती गेली आणि ताईचे हसू हळूहळू विरले. तिने मावशींचा हात हातात घेतला. "मावशी, हसून झालं. पण हे असं रोज नाही चालायचं. सोमवारी बोलावते मी त्या मंडळींना."

मावशींनी तिचा हात थोपटला. मग एकदम "तू"वर आल्या. "लहान होतीस तेव्हा थोरलीच्या झग्यात शिरून बसायचीस. पडद्यामागे. तुझे बाबा अख्खं दुकान शोधायचे."

"म्हणून तर सांगताना माझी जीभ जड होतेय."

 मावशी टाचण्यांची डबी आवरायला लागल्या. मनातल्या मनात म्हणाल्या, देवा, तू दिलंस तेवढं पुष्कळ दिलंस, आता काढून घेणार असशील तर अलगद काढ.

आणि तेव्हाच दारात बाबागाडी आली. सून मावशींना घ्यायला म्हणून आली होती, आणि बाळ टाहो फोडत होते. "आई, याचं बदलायचंय. वरच्या मजल्यावरच्या बाळांच्या खोलीशी ही मोठी रांग. इथे करू का कुठे?" उत्तराची वाट न बघता ती बाबागाडी ढकलत मागच्या ट्रायल रूमकडे गेली, पडदा ओढला, आणि रडणे थांबले. आतून बाळाशी लाडाचे बोलणे ऐकू येत राहिले.

ती बाहेर आली ती खुशीत. "झालं! काय झकास जागा आहे हो. पडदा आहे, आरसा आहे, बसायला स्टूल. बाबागाडीसकट आत गेले. बघितलंत? शेवटी मिळाला तुमच्या नातवाला पडदा."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "काय म्हणालीस?"

"टोमणा नाही मारला हो, आई. गंमत केली."

"ते नाही. बाबागाडीसकट आत गेलीस म्हणालीस?"

"हो. ऐसपैस आहे."

मावशी उठल्या. ट्रायल रूमच्या दारात उभ्या राहिल्या, आत बघितले, मग मागे वळून शोकेसमधल्या पुतळीकडे बघितले. तिच्या पायाखालच्या गोल स्टँडकडे बघितले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जन्मभर काचेला पडदा लावत आल्या. पण बाईमाणूस कपडे बदलायला जाते कुठे? पडदा तिच्याकडे येत नाही, ती पडद्याकडे जाते.

"ताई," त्या म्हणाल्या, "सोमवारच्या आधी शनिवार येतो ना?"

शनिवारी मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानासमोरच्या बाकांवर नेहमीची मंडळी बसलेली: नवरे. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत पिशव्या, चेहऱ्यावर सोशिक कळा, बायको कुठल्यातरी दुकानात. मावशी चपला काढून शोकेसमध्ये शिरल्या. कडेच्या पुतळीला त्यांनी आपला जुना निळा पडदा खांद्यापासून पायापर्यंत लपेटला, जशी थंडीत एखादीला शाल गुंडाळावी. मग ताई एका बाजूला आणि मावशी दुसऱ्या बाजूला, अशा दोघी तिला धरून दुकानातून मागे ट्रायल रूमकडे निघाल्या. वाटेत एक गिऱ्हाईक बाई कपडे हातात घेऊन रांगेत उभी. मावशी तिला म्हणाल्या, "जरा हिला जाऊ देता का? हिला फार वेळ नाही लागत."

ती बाई आधी गांगरली, मग हसून बाजूला झाली. "जाऊ दे बाई. तिचं तर डोकंही ठिकाणावर नाही."

शोकेसमध्ये रिकाम्या जागेवर ताईने स्वतःच्या अक्षरात एक पाटी ठेवली होती: "कपडे बदलून येते. थांबा हं."

बाकावरच्या एका जाड्या गृहस्थाने ती मोठ्याने वाचली आणि सुस्कारा टाकला. "आमची पण हेच सांगून गेलीय."

"कधी?"

"ते विचारू नका."

सगळा बाक हसला. ट्रायल रूममधून गुणगुणणे ऐकू येऊ लागले. मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. थोड्या वेळाने पुतळी नव्या गडद लाल कोटात, दोघींच्या मधून, पाहुणीसारखी चालत परत आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली. बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानांतून बाहेर आलेल्या बायका "काय झालं, काय झालं" म्हणत थांबल्या. आता दुसरी निघाली. एकाने शेजाऱ्याला म्हटले, "हिला हिरवा येणार बघ." शेजारी म्हणाला, "लागली पैज!" मावशींच्या कानावर ते पडले आणि त्यांची पावले क्षणभर अडखळली.

गर्दी बघून मॅनेजर धावत आला. शोकेसकडे बघितले, पाटी वाचली, तिन्ही काचा न्याहाळल्या. एकही झाकलेली नव्हती. "नियमात बसतंय," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग जरा लाजत ताईला विचारले, "पुढच्या वेळी कधी बदलणार आहात? आधी कळवलंत तर अजून दोन बाक ठेवता येतील."

ताईने मावशींकडे बघितले. "सोमवारचा तो फोन राहिला हं माझ्याकडून. राहू दे आता."

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी पुतळीच्याच निळ्या पडद्याला डोळे टिपले. बाबागाडी धरून गर्दीत उभ्या असलेल्या सुनेने ते पाहिले आणि बाळाला उचलून त्याला आजी दाखवली.

तिसरीचे झाल्यावर मावशी सवयीने बाहेर आल्या. दिव्याचा खांब शोधू लागल्या. इथे खांब कुठला? समोर बाक होते आणि त्यावर नवरे. जाडे गृहस्थ आपल्या पिशव्यांसकट सरकले आणि जागा करून म्हणाले, "बसा हो मावशी. फार दमलात."

जन्मभर त्यांनी आपले काम उभ्यानेच बघितले होते, रस्त्यापलीकडून, एक डोळा बारीक करून. आज त्या बसल्या. पाय लांब केले. समोर काचेत लाल, हिरवा आणि राखाडी कोट, वर नुसत्या माना. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका तिथे थबकत होत्या आणि काचेत आपलीच डोकी त्या मानांवर बसवून बघत होत्या. विकत घेणाऱ्या थोड्या, बघणाऱ्या जास्त. असू दे. बघणारा आपला.

"सुरेख झालंय," जाडे गृहस्थ म्हणाले.

"कुठलं सुरेख?" मावशींनी एक डोळा बारीक केला. "मधलीची कॉलर बोटभर वर गेलीय."

आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.